पंधरा हजार टाके आणि एक मोबाइल

पाच फूट रुंद आणि सात फूट लांब अशी एक गोधडी घ्या. टाक्यांच्या दोन ओळींत इंचभर अंतर धरले, तरी तिच्यातला धावदोरा 420 फूट भरतो. इंचाला तीन टाके म्हटले तर सगळे मिळून 15 हजारांच्या घरात जातात. हे टाके बहुतेक वेळा एकाच बाईने, जमिनीवर बसून, कंबर वाकवून घातलेले असतात. आणि तीच गोधडी विकायला काढली की समोरचा म्हणतो, ‘‘चारशेला ब्लँकेट मिळतं की बाजारात!’’

गोधडी विकणाऱ्या प्रत्येक बाईला या वाक्याला उत्तर द्यावे लागते. ते तोंडाने देऊन भागत नाही, हात चालताना दाखवावा लागतो. मोबाइलवरच्या जाहिरातीचा खरा उपयोग तेवढाच आहे, आणि तो फार मोठा आहे.

उदाहरण म्हणून देवरी घेऊ. हे गोंदिया जिल्ह्याचे छत्तीसगढच्या सीमेलगतचे तालुक्याचे गाव, नागपूर-रायपूर महामार्गावर साधारण मध्यावर वसलेले. शिरपूरचा तपासणी नाका ओलांडला की पलीकडे छत्तीसगढ. आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय इथे आहे. आजूबाजूची खेडी गोंड, हलबी वस्तीची, जंगल आणि धानाच्या बांध्यांमधली. रेल्वे गाठायची तर आमगावला जावे लागते. हिवाळ्यात विदर्भातले सर्वात कमी तापमान म्हणून गोंदियाचे नाव वर्तमानपत्रात वारंवार झळकते, त्यामुळे अंथरूण-पांघरुणाची गरज या भागाला कोणी शिकवायला नको. जुन्या लुगड्यांची गोधडी इथे घरोघरची. सीमेपलीकडे तिलाच कथरी म्हणतात. पण घरोघरी असलेली वस्तू गावच्या आठवडी बाजारात विकली जात नाही, हेही तितकेच खरे. जिच्या घरी आजी शिवते, ती विकत कशाला घेईल? गिऱ्हाईक आहे ते नागपूर, पुणे, मुंबईत, जिथे आजी आता फोटोत आहे आणि तिची लुगडी कपाटाच्या वरच्या फळीवर.

त्या गिऱ्हाइकापर्यंत पोचायचा रस्ता गेल्या काही वर्षांत तयार झाला. 2016 साली यूपीआय आले आणि त्याच वर्षी स्वस्त फोर-जी इंटरनेट. 2018च्या सुरुवातीला व्हॉट्सअ‍ॅपने छोट्या धंद्यांसाठी वेगळे अ‍ॅप काढले. त्यात मालाची यादी, फोटो आणि किमती लावून ठेवता येतात. जून 2020 मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील सुरू केले. आता दुकानाचा गाळा नको की नागपूरला खेपा नकोत.

मग त्या रीलमध्ये दाखवायचे काय? बहुतेकजण तयार गोधडीची घडी, मागे एखादे सिनेमातले गाणे आणि ‘किमतीसाठी मेसेज करा’ एवढ्यावर थांबतात. माझ्या मते इथेच चुकते. गोधडी घडीत दिसत नाही, ती शिवताना दिसते. सारवलेल्या अंगणात किंवा फरशीवर खालचे अस्तर ताणून पसरायचे. साडीचा पन्हा साधारण 45 इंच. म्हणून सात-सात फुटांचे दोन तुकडे एकमेकांना जोडले की एक थर होतो. पाचवारी साडी एका थरात संपते, काठाकडची रुंद पट्टी तेवढी उरते. असे चार-पाच थर एकावर एक. प्रत्येक थराची सुरकुती तळहाताने मधून कडेकडे सारायची, कारण आत राहिलेली चुणी नंतर कशानेही निघत नाही. मग मोठ्या टाक्यांनी थर धरून ठेवायचे, कडा आत मुडपायच्या आणि कडेपासून आत, चौकटीत चौकट असा धावदोरा घालत मध्यापर्यंत यायचे. दोरा ओढला की कापड किंचित गोळा होते आणि बोटाला लागतील अशा बारीक लाटा उठतात. यंत्राच्या रजईला ही लाट येत नाही. सकाळच्या तिरप्या उन्हात मोबाइल जमिनीलगत धरून वीस सेकंद नुसती सुई दाखवा, गाण्याऐवजी दोऱ्याचा आवाज येऊ द्या, आणि बोलायचे असेल तर आपल्या भागातल्या झाडीबोलीत बोला. चारशेच्या ब्लँकेटला हेच उत्तर. गोधडीची मागची बाजूही दाखवावी. हाताचा सफाईदारपणा जाणकार तिथेच ओळखतो.

शिवणे दाखवल्याने काय होते ते पाहा. अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात हॅमिल्टन नावाचे गाव आहे, वस्ती दोन हजारांच्या आत. तिथे जेनी डोन या बाईंच्या कुटुंबाने 2008 मध्ये रजया शिवून देण्याचे छोटे दुकान काढले. सुरुवातीला गिऱ्हाईक नव्हते. पुढच्या वर्षी बाई यूट्यूबवर रजई कशी शिवायची ते फुकट शिकवू लागल्या. शिकणारे गिऱ्हाईक झाले आणि आज त्या गावात त्या एका कंपनीची डझनभर दुकाने आहेत. अलाबामातल्या जीज बेंडची गोष्ट वेगळी. तिथल्या कृष्णवर्णीय बायकांच्या रजया 2002 साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात मांडल्या गेल्या, 2006 मध्ये त्यांच्यावर टपाल तिकिटे निघाली. नाव जगभर झाले, पण एत्सी या ऑनलाइन बाजारात स्वतःच्या नावाची दुकाने उघडायला 2021 उजाडले. कौतुक आणि विक्री यांत केवढे अंतर पडू शकते, ते यावरून कळते.

आपल्याकडेही गोधडीची दखल घेणारे आहेत. गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर सचित्र ग्रंथ केला. कर्नाटकात, उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजातल्या बायकांची कवंदी आपल्या गोधडीची सख्खी बहीण. तिच्या चारही कोपऱ्यांत घडी घातलेल्या कापडाची ‘फुले’ हवीतच. 2004 मध्ये या बायकांची सहकारी संस्था उभी राहिली. परदेशातल्या हौशी बायका आज ही पद्धत व्हिडिओ पाहून शिकतात. देवरीची गोधडी देवरीची म्हणून ओळखली जायची असेल, तर गावाचे नाव प्रत्येक फोटोखाली आणि गोधडीच्या कोपऱ्यात दोऱ्याने शिवलेले असावे.

या धंद्याची खरी अडचण कच्च्या मालाची आहे. सुती लुगडी नेसणाऱ्या बायका कमी झाल्या. सिंथेटिक साडीची गोधडी घसरते, घाम शोषत नाही. यावर उपाय गिऱ्हाइकाकडेच आहे: त्यांनी आपल्या घरच्या साड्या पाठवायच्या आणि त्यांचीच गोधडी परत घ्यायची. नव्या बाळासाठी आजीच्या साडीची छोटी गोधडी, ही मागणी शहरांत आणि परदेशातल्या मराठी घरांत सहज समजते. अशा कामात कापड आले की लगेच फोटो काढून पाठवावा, कुठला काठ कुठे लावू ते विचारावे. हे संभाषण हीच जाहिरात. खूश झालेली एक ताई आपल्या चार मैत्रिणींना सांगते.

किंमत मात्र उघड लिहावी आणि न लाजता लावावी. रोजगार हमीची महाराष्ट्रातली मजुरी 2025-26 मध्ये दिवसाला 312 रुपये होती. एका गोधडीला सहा दिवस धरले तर नुसती मजुरीच 1,872 रुपये होते; दोरा, अस्तर, टपाल वेगळे. याच्या खाली विकणे म्हणजे स्वतःच्या हाताला मातीकामापेक्षा कमी लेखणे. निम्मे पैसे आगाऊ घ्यावेत. आणि एक पक्के ध्यानात ठेवावे: पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. मोठी ऑर्डर देतो म्हणत कोड स्कॅन करायला सांगणारा माणूस गिऱ्हाईक नसतो.

एखादे रील चालले आणि एका रात्रीत पन्नास ऑर्डरी आल्या, तर ते संकट आहे. जुलैत धानाची रोवणी, दिवाळीनंतर कापणी आणि मंडईच्या जत्रा, मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल, मे महिन्यात तेंदूपाने. झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या भागातल्या बाईचे वर्ष असे भरलेले असते. शिवणाला वेळ मिळतो तो या कामांच्या फटींत. थंडीची विक्री ऑक्टोबरपासून सुरू होते, म्हणून त्याआधीच मिळेल त्या फटीत माल तयार करून ठेवणे आणि ‘या महिन्यात चारच गोधड्या’ असे सरळ लिहिणे चांगले. गिऱ्हाईक थांबते. दिलेली तारीख चुकली तर मात्र परत येत नाही. बचतगटातल्या पाच-सहा जणींनी मिळून काम वाटून घेतले, एकीने फोन आणि पार्सल सांभाळले, तर हा भार पेलतो. राज्य सरकारच्या उमेद अभियानाचे आणि महिला आर्थिक विकास महामंडळाचे (माविम) गट गावोगाव आहेत, त्यांच्या प्रदर्शनांत माल ठेवायची सोयही आहे.

वाचकांना एक विनंती. घरातली जुनी सुती लुगडी भांडेवालीला देऊ नका. देवरी असो की तुमचे गाव, गोधडी शिवणारी बाई शोधा, तिला ती साडी द्या, ती सांगेल ती किंमत द्या. गोधडी हाती आली की तिचा फोटो टाका आणि खाली शिवणारीचे नाव, तिला चालत असेल तर, तिच्या गावासह लिहा.