विश्लेषण : छत्रीवाला माणूस, उसळणारा चेंडू आणि छोटासा गेम... अभियांत्रिकीच्या ‘ग्राफिक्स’ प्रोजेक्टमधून नेमके काय शिकायला मिळते?

पावसात छत्री घेऊन चालणारा माणूस, सूर्योदय आणि सूर्यास्त, जमिनीवर आपटून उसळणारा चेंडू. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून संगणक अभियांत्रिकी केलेल्या अनेकांना ही दृश्ये ओळखीची वाटतील. दुसऱ्या वर्षाच्या ‘कॉम्प्युटर ग्राफिक्स’ प्रात्यक्षिकांचे हे विषय आहेत. त्यांच्या जोडीला सत्राच्या शेवटी एखादा गेम किंवा अ‍ॅनिमेशनचा ‘मिनी प्रोजेक्ट’ असतो. त्याच्याकडे बऱ्याचदा सबमिशनपुरते काम म्हणून पाहिले जाते. तयार कोड इंटरनेटवर सापडतो, गेम इंजिन फुकट मिळते आणि आता कृत्रिम बुद्धिमत्तेला सांगितले की मिनिटभरात प्रोग्राम हाती येतो. मग रेषा आणि वर्तुळापासून सुरुवात करण्यात काय अर्थ आहे?

अभ्यासक्रमात काय आहे?

विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासक्रमाने कॉम्प्युटर ग्राफिक्स हा विषय दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला ठेवला आणि त्याची प्रात्यक्षिके ‘ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग’शी जोडली. आधी रेषा व वर्तुळ, मग बहुभुजात रंग भरणे, चौकटीबाहेरचा भाग छाटणे, आकृती सरकवणे आणि फिरवणे, पुढे फ्रॅक्टल आकृत्या असा क्रम. त्यानंतर वर सांगितलेली दृश्ये, फुली-गोळ्याचा खेळ, सरकत्या आठ अंकांचे कोडे. शेवटी मुक्त ग्राफिक्स लायब्ररी वापरून गेम, अ‍ॅनिमेशन किंवा चित्रे काढण्याचे साधन तयार करायचे. भाषा सी प्लस प्लस. यादी साधी दिसते, पण प्रत्येक पायरी पुढच्या पायरीला लागते. फुटपट्टीने रेषा न काढता आलेला विद्यार्थी भूमितीत जिथे अडतो, तसेच इथेही होते.

एक रेषा काढायला गणित कशाला?

पडदा म्हणजे चौकोनी ठिपक्यांची जाळी. तिरकी रेषा या जाळीतल्या कोणत्या चौकटींतून न्यायची, हे दर पावलाला ठरवावे लागते. आयबीएममधील जॅक ब्रेसनहॅम यांनी १९६२ मध्ये प्लॉटर या रेखाटनयंत्रासाठी यावर उत्तर शोधले. अपूर्णांक आणि भागाकार टाळून केवळ पूर्णांकांची बेरीज-वजाबाकी आणि तुलना करत रेषा पुढे न्यायची. तेव्हाचे संगणक संथ होते, म्हणून ही बचत मोलाची होती.

आजही हिशेब करून पाहण्यासारखा आहे. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांच्या पडद्यावर २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. सेकंदाला ६० चित्रे दाखवायची तर साडेबारा कोटींच्या आसपास ठिपक्यांचा रंग दर सेकंदाला ठरवावा लागतो. एका चित्रासाठी वेळ मिळतो सुमारे १७ मिलिसेकंद. त्यामुळे जे दिसणारच नाही ते आधीच गाळायचे, हे तत्त्व आले. चौकटीबाहेरचा भाग छाटण्याची कोहेन-सदरलँड पद्धत १९६७ मध्ये विमानोड्डाणाच्या सिम्युलेटरवर काम करताना तयार झाली. वैमानिकाच्या पाठीमागची टेकडी काढण्यात वेळ घालवायचा नाही, इतका साधा विचार त्यामागे आहे.

छत्रीवाला माणूस इतका अवघड का?

कारण त्याचे पाय. पाय हलवायचा म्हणजे तो कमरेच्या सांध्याभोवती फिरवायचा. पण फिरवण्याचे सूत्र आकृतीला शून्य बिंदूभोवती, म्हणजे पडद्याच्या कोपऱ्याभोवती किंवा मध्याभोवती फिरवते. सूत्र थेट वापरले तर पाय धडापासून सुटून भलतीकडे जातो. म्हणून आधी सांधा शून्य बिंदूवर आणायचा, मग फिरवायचे, मग पाय मूळ जागी न्यायचा. क्रम बदलला की चित्र बिघडते. ओपनजीएलमध्ये तर या क्रिया कोडमध्ये उलट्या क्रमाने लिहाव्या लागतात. तोंडी परीक्षेत हमखास अडखळायला लावणारी जागा हीच.

पावसाचे तंत्र त्यामानाने सोपे. प्रत्येक थेंब दर चित्रात थोडा खाली सरकवायचा, जमिनीला टेकला की पुन्हा वर न्यायचा. शंभर-दोनशे थेंबांत मुसळधार पाऊस पडतो. मात्र जुने चित्र पुसून नवे थेट पडद्यावर काढले की दृश्य लुकलुकते. उपाय असा : पुढचे चित्र पडद्याआड पूर्ण करायचे आणि तयार झाल्यावर एकदम समोर आणायचे. याला ‘डबल बफरिंग’ म्हणतात. नाटकात पडदा पाडून नेपथ्य बदलतात, तसाच हा प्रकार.

त्रिमितीय जग कसे उभे राहते?

समजा, एखाद्या गटाने शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा उभारायचे ठरवले. भिंतीसाठी चौकोनी ठोकळा लागेल. त्याला आठ कोपरे, सहा बाजू. प्रत्येक बाजूचे दोन त्रिकोण, म्हणजे एकूण १२ त्रिकोण. बुरूज गोल असले तरी तेही अखेर त्रिकोणांचेच. दारावरचे अणकुचीदार खिळे एकेक करून घडवावे लागत नाहीत. एक खिळा बनवायचा आणि तोच वेगवेगळ्या जागी पुन्हा पुन्हा काढायचा.

आता वाड्यात फिरायचे. इथे गंमत अशी की ‘कॅमेरा’ जागचा हलत नाही. आपण दोन पावले पुढे गेलो, असे दाखवण्यासाठी सगळा वाडा दोन पावले मागे आणला जातो. त्यानंतर प्रत्येक बिंदूला त्याच्या अंतराने भागले की लांबचे लहान आणि जवळचे मोठे दिसू लागते. रेल्वेचे रूळ दूरवर एकत्र आल्यासारखे दिसतात, त्यामागचे गणित हेच.

पुढचा प्रश्न, कोणती वस्तू कोणाच्या आड आहे? त्यासाठी प्रत्येक ठिपक्यापाशी सर्वांत जवळच्या वस्तूचे अंतर नोंदवून ठेवतात. नवी वस्तू त्याहून जवळ असेल तरच रंग बदलायचा. ‘झेड-बफर’ नावाच्या या पद्धतीची मांडणी एडविन कॅटमल यांच्या १९७४ च्या युटा विद्यापीठातील प्रबंधात आहे. पुढे ते ‘पिक्सार’चे सहसंस्थापक झाले. ही पद्धत समजली की वाड्याच्या दोन भिंती नेमक्या एकाच जागी ठेवल्यावर तिथे पट्टेरी झगमग का होते, हेही उमगते. दोन्हींचे अंतर जवळपास सारखे असल्याने कधी ही भिंत पुढे येते, कधी ती.

गेम करताना आणखी काय लागते?

अ‍ॅनिमेशन ठरल्याप्रमाणे चालते. गेम खेळणाऱ्याला उत्तर देतो. म्हणून गेमच्या पोटात एक अखंड चक्र असते : कोणती कळ दाबली ते पाहा, जगाची स्थिती बदला, नवे चित्र काढा. एमआयटीतील तरुण प्रोग्रामरांनी १९६२ मध्ये केलेल्या ‘स्पेसवॉर’पासून आजच्या मोबाइल गेमपर्यंत हा सांगाडा कायम आहे.

विद्यार्थ्यांच्या गेममध्ये दोन दोष वारंवार दिसतात. पहिला, घरच्या लॅपटॉपवर नीट चालणारा गेम कॉलेजच्या लॅबमध्ये सुसाट किंवा रखडत चालतो. कारण चेंडू ‘दर चित्राला पाच ठिपके’ असा सरकवलेला असतो आणि प्रत्येक यंत्राचा चित्रे काढण्याचा वेग वेगळा असतो. तो ‘दर सेकंदाला ३०० ठिपके’ असा बांधला की प्रश्न सुटतो. दुसरा, वेगवान चेंडू बॅटमधून आरपार जातो. सेकंदाला ९०० ठिपक्यांचा वेग आणि ६० चित्रे, म्हणजे चेंडू एका उडीत १५ ठिपके जातो. बॅटची जाडी १० ठिपके असेल, तर एका चित्रात चेंडू बॅटच्या अलीकडे आणि पुढच्या चित्रात पलीकडे. टक्कर झालीच नाही, असे प्रोग्रामला वाटते. त्यामुळे चेंडू कुठे आहे एवढेच तपासून भागत नाही. तो कोणत्या मार्गाने आला तेही तपासावे लागते.

टीका कशावर होते?

पहिली टीका साधनांवर. अनेक वर्षे या विषयाची ओळख टर्बो सी आणि ‘ग्राफिक्स डॉट एच’ यांच्यामार्फत होत आली. डॉसच्या काळातील ती व्यवस्था ६४० गुणिले ४८० ठिपके आणि १६ रंगांवर थांबते. आजच्या विंडोजवर ती चालवायला डॉसबॉक्ससारखा आधार लागतो. ओपनजीएल १९९२ मधले. त्यात शिकवली जाणारी एकेक बिंदू देत आकृती काढण्याची पद्धत २००८ मध्येच कालबाह्य ठरवण्यात आली. आज प्रकाश आणि रंगाचे गणित ‘शेडर’ नावाच्या छोट्या प्रोग्रामांतून थेट ग्राफिक्स चिपवर चालते. नोकरीच्या मुलाखतीत विचारले जाते ते हे.

दुसरी टीका अधिक गंभीर आहे. मागच्या वर्षीच्या गटाचा प्रोजेक्ट नाव आणि रंग बदलून पुढे येतो, काही जण पैसे देऊन तयार प्रोजेक्ट घेतात. चारपैकी एकाने काम केले आणि तिघांनी अहवालाची छपाई-बांधणी केली, असेही होते. अशा वेळी पडद्यावरचे चित्र गुण मिळवून देते, पण ते का दिसते हे कोणालाच सांगता येत नाही.

पुण्यासाठी हा विषय महत्त्वाचा का?

कारण हे काम शहरातच चालते. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने केलेला ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा गेम २०२० मध्ये जगभर प्रकाशित झाला. त्याआधी २०१७ मध्ये लोकांकडून निधी उभारण्याचा त्यांचा प्रयत्न फसला होता. पुण्याच्याच ‘सुपरगेमिंग’चा ‘इंडस’ २०२४ मध्ये मोबाइलवर आला. फ्रेंच कंपनी युबीसॉफ्टचा पुण्यातील स्टुडिओ २००८ पासून आहे. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’च्या नव्या आवृत्तीचे काम कंपनीच्या पुणे आणि मुंबई स्टुडिओंकडे होते. २०२० मध्ये तिची झलक दाखवल्यावर ग्राफिक्सवर टीका झाली आणि २०२२ मध्ये काम कॅनडातील माँट्रियलला गेले. प्रकाश आणि सावलीच्या दर्जावर इथे किती काही ठरते, याचे हे उदाहरण.

शिवाय हे गणित गेमपुरते नाही. वाहनाच्या सुट्या भागाचे त्रिमितीय आरेखन, सीटी स्कॅनमधून उभी राहणारी हाडांची प्रतिमा, चालकाच्या प्रशिक्षणाचा सिम्युलेटर, सर्वत्र तेच त्रिकोण आणि तेच मॅट्रिक्स. गेमसाठी घडलेली ग्राफिक्स चिप आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कामाला लागली, तीही एकाच वेळी असंख्य गुणाकार-बेरजा करण्याच्या तिच्या क्षमतेमुळे.

विद्यार्थ्यांनी काय करावे?

विषय लहान निवडावा. अर्धवट राहिलेल्या भव्य शहरापेक्षा पूर्ण झालेला, चुका दुरुस्त केलेला चेंडू-बॅटचा गेम जास्त शिकवतो. पहिली आवृत्ती इंजिनशिवाय करावी. नंतर तीच गोदो किंवा युनिटीत पुन्हा करून पाहावी, म्हणजे इंजिन आपले कोणते काम वाचवते ते कळते. त्रिमितीय आकृत्यांसाठी ब्लेंडर मोफत आहे आणि इतक्या छोट्या कामाला महागडे ग्राफिक्स कार्ड लागत नाही. तयार कोड किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घेतली, तर प्रत्येक ओळ काय करते हे गटातील प्रत्येकाला सांगता आले पाहिजे.

परीक्षकांनाही एक सोपी कसोटी घेता येते. अहवालाची पाने चाळण्याऐवजी समोर बसवून एक बदल करायला सांगावा : सूर्य उलट दिशेने मावळू दे, पाऊस वाऱ्याने तिरका पडू दे, चेंडूचा वेग दुप्पट कर. ज्याने काम केले आहे, त्याला बदल करायची जागा लगेच सापडते. ज्याने केलेले नाही, त्याला चेंडू बॅटमधून आरपार गेल्यावर कोणत्या ओळीकडे पाहायचे हेही सुचत नाही.