सायकलस्वाराचे विमासंरक्षण

वाराणसीच्या समोर, गंगेच्या पूर्व तीरावर वसलेले रामनगर हे काशीनरेशांच्या अठराव्या शतकातील किल्ल्यासाठी आणि महिनाभर चालणाऱ्या रामलीलेसाठी प्रसिद्ध आहे. सामनेघाट आणि रामनगर यांना जोडणारा पक्का पूल 2017 मध्ये वाहतुकीस खुला झाला. तोपर्यंत या ठिकाणी पिंपांचा तरंगता पूल असे व पावसाळ्यात तो काढून घेतला जाई. नव्या पुलामुळे काशी हिंदू विश्वविद्यालय आणि लंका परिसर रामनगरच्या सायकलस्वारांच्या अगदी आवाक्यात आला. मात्र त्याच पुलावरून मोटारी, ई-रिक्षा आणि दुचाकीही धावू लागल्या. रामनगरची औद्योगिक वसाहत लगतच्या चंदौली जिल्ह्यात आहे. तिच्याकडे जाणाऱ्या रस्त्यांवर कामगाराची सायकल आणि मालमोटार यांना एकच मार्ग वापरावा लागतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (2019-21) देशातील सुमारे निम्म्या, तर उत्तर प्रदेशातील सुमारे तीन-चतुर्थांश कुटुंबांकडे सायकल आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1 लाख 68 हजारांहून अधिक व्यक्ती मृत्युमुखी पडल्या आणि त्यांत सुमारे 4,800 सायकलस्वार होते. एवढ्या मोठ्या संख्येने वापरल्या जाणाऱ्या या वाहनाला आणि त्याच्या चालकाला विम्याचे कोणते संरक्षण आहे, हा प्रश्न दिसतो तितका सरळ नाही. त्याचे उत्तर सायकलस्वाराला किती इजा झाली यापेक्षा धडक कोणी दिली यावर अधिक अवलंबून आहे.

मोटार वाहन कायदा आणि सायकल

मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 2(28) मधील व्याख्येनुसार यांत्रिक शक्तीवर चालणारे व रस्त्यावर वापरण्यास योग्य असे वाहन म्हणजे मोटार वाहन. सायकल या व्याख्येत बसत नाही. त्यामुळे तिला नोंदणी लागत नाही, चालकास परवाना लागत नाही आणि कलम 146 अन्वये बंधनकारक असलेला त्रयस्थ पक्ष विमाही लागत नाही. 250 वॅटपेक्षा कमी शक्तीची व ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी वेगाची विजेवर चालणारी सायकलदेखील, विहित अटींची पूर्तता करीत असल्यास, या व्याख्येबाहेर राहते.

येथे विद्यार्थ्यांचा एक गोंधळ नेहमी होतो. सायकलला त्रयस्थ पक्ष विमा बंधनकारक नाही, याचा अर्थ सायकलस्वाराला त्या विम्याचा लाभ नाही, असा नव्हे. विमा करार हा वाहनमालक आणि विमा कंपनी या दोन पक्षांमधील असतो. वाहनाखाली सापडणारा पादचारी किंवा सायकलस्वार हाच त्यातील ‘त्रयस्थ’. हप्ता मोटारमालक भरतो आणि भरपाई सायकलस्वाराला मिळते. भारतातील सायकलस्वाराचे सर्वांत मोठे विमासंरक्षण अशा रीतीने दुसऱ्याच्या पॉलिसीत दडलेले आहे.

हा लाभ मिळविण्याचे दोन मार्ग आहेत. कलम 164 अन्वये चालकाचा दोष सिद्ध न करताही मृत्यूबद्दल 5 लाख आणि गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये मागता येतात. 2019 च्या दुरुस्तीने आलेली ही तरतूद 1 एप्रिल 2022 पासून अमलात आली. कलम 166 अन्वये मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज केल्यास भरपाईस अशी ठरावीक मर्यादा नसते. मृताचे वय, उत्पन्न व अवलंबितांची संख्या यांवरून ती ठरते. परंतु तेथे चालकाचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो. सायकलस्वार रात्री दिव्याविना किंवा उलट दिशेने जात असल्याचे सिद्ध झाले, तर अंशदायी निष्काळजीपणाच्या तत्त्वानुसार त्या प्रमाणात रक्कम कमी होऊ शकते. कलम 166 खालील अर्जासाठी 2019 च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची मुदतही घातली. अशिक्षित कुटुंबासाठी ती फारच अपुरी आहे. त्या मुदतीच्या वैधतेस न्यायालयात आव्हान देण्यात आले, यात नवल नाही.

धडक देणारे वाहन पळून गेले आणि त्याचा माग लागला नाही तर? अशा प्रकरणी 1 एप्रिल 2022 पासूनच्या योजनेनुसार मृत्यूसाठी 2 लाख व गंभीर दुखापतीसाठी 50 हजार रुपये मिळतात. त्यापूर्वी हे आकडे अनुक्रमे 25 हजार व साडेबारा हजार होते. अर्ज न्यायाधिकरणाकडे नव्हे, तर दावा चौकशी अधिकाऱ्याकडे, म्हणजे उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदार यांच्याकडे करावा लागतो. ओळख पटलेल्या वाहनाबाबत 5 लाख आणि न पटलेल्या वाहनाबाबत 2 लाख, या तफावतीला अर्थशास्त्रीय समर्थन शोधणे अवघड आहे. कुटुंबाची हानी दोन्ही प्रसंगी सारखीच असते.

5 मे 2025 रोजी अधिसूचित झालेल्या रोकडविरहित उपचार योजनेत अपघातग्रस्तास सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत उपचार मिळण्याची सोय झाली. अट एकच, की अपघात मोटार वाहनाच्या वापरातून घडलेला असावा. खड्ड्यात चाक अडकून किंवा मोकाट जनावर आडवे येऊन पडलेला सायकलस्वार या योजनेबाहेर आणि मोटार वाहन कायद्याच्याही बाहेर राहतो.

वीस रुपयांचा विमा

ही पोकळी काही अंशी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना भरून काढते. 9 मे 2015 रोजी सुरू झालेल्या या योजनेचा वार्षिक हप्ता प्रारंभी 12 रुपये होता. 1 जून 2022 पासून तो 20 रुपये झाला. 18 ते 70 वर्षे वयाच्या बँक किंवा टपाल खातेदारास अपघाती मृत्यू वा पूर्ण अपंगत्वासाठी 2 लाख आणि अंशतः अपंगत्वासाठी 1 लाख रुपयांचे संरक्षण मिळते. अपघात मोटारीने झाला की सायकलवरून पडून, हा प्रश्न येथे विचारला जात नाही. संरक्षणाचा काळ 1 जून ते 31 मे असून हप्ता खात्यातून आपोआप वळता होतो. त्या दिवशी खात्यात वीस रुपये नसले तर मात्र संरक्षण खंडित होते.

या योजनेच्या मर्यादाही नीट समजून घेतल्या पाहिजेत. ‘अंशतः अपंगत्व’ याचा अर्थ एका डोळ्याची दृष्टी, एक हात किंवा एक पाऊल कायमचे गमावणे, असा आहे. समजा, रामनगरच्या आसपासच्या खेड्यातून सायकलला कॅन बांधून शहरात दूध घालणारा एखादा विक्रेता घसरून पडला आणि त्याचे मांडीचे हाड मोडले. तीन महिने त्याचा धंदा बंद राहील, रतीब दुसऱ्याकडे जातील; परंतु या योजनेतून त्याला एक रुपयाही मिळणार नाही. रुग्णालयाचा खर्च, तो पात्र असल्यास, आयुष्मान भारत योजनेतून भागू शकेल. बुडालेल्या कमाईची भरपाई देणारी सर्वसाधारण योजना असंघटित क्षेत्रातील सायकलस्वारासाठी नाही, आणि विम्याच्या चर्चेत याच गोष्टीचा उल्लेख सर्वांत कमी होतो.

औद्योगिक वसाहतीतील विमाधारक कामगाराची स्थिती तुलनेने बरी आहे. कर्मचारी राज्य विमा अधिनियम, 1948 मध्ये 2010 साली कलम 51-ई समाविष्ट झाले आणि घरून कामावर जाता-येता झालेला अपघात, कामाशी त्याचा संबंध प्रस्थापित झाल्यास, नोकरीच्या ओघात घडलेला मानला जाऊ लागला. महाराष्ट्रातील एका साखर कारखान्याच्या पहारेकऱ्याचा 2003 मध्ये पहाटे कामावर जाताना मृत्यू झाला होता. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये हेच तत्त्व कर्मचारी भरपाई अधिनियम, 1923 लाही लागू केले. 21 नोव्हेंबर 2025 पासून या दोन्ही कायद्यांची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 ने घेतली असून प्रवासातील अपघाताची तरतूद संहितेत कायम आहे. पहारेकऱ्याच्या कुटुंबाला बावीस वर्षे वाट पाहावी लागली, हेही येथे नमूद केले पाहिजे.

अठरा वर्षांखालील विद्यार्थी मात्र सुरक्षा विमा योजनेत बसत नाहीत, आणि शाळेला सायकलने जाणारे बहुसंख्य तेच असतात. महाराष्ट्रात पहिली ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी राजीव गांधी विद्यार्थी अपघात योजना आहे. ती प्रारंभी विमा कंपनीमार्फत राबविली जाई. पुढे शासनाने थेट सानुग्रह अनुदान देण्याचा मार्ग स्वीकारला. शेतकरी अपघात विम्याबाबतही 2023 मध्ये असेच घडले. ज्या शासनाचा जोखीमसमूह मुळातच विशाल असतो, त्याला दुसऱ्या कोणाकडे जोखीम सोपविण्याची फारशी गरज उरत नाही. दावे नाकारण्यावरून होणारे वाद टळले, तर तो अतिरिक्त लाभच.

वाहनाचा विमा का फोफावला नाही?

सायकलचा विमा भारतात नवा नाही. 1973 मध्ये सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाल्यानंतर चार सरकारी कंपन्यांच्या ग्रामीण विमा प्रकारांत पेडल सायकल आणि सायकल रिक्षा यांच्या पॉलिसी होत्या. गृहस्थांसाठीच्या सर्वसमावेशक पॉलिसीतही पेडल सायकलचा स्वतंत्र विभाग असे. आग, दंगल, चोरी व अपघात यांपासून त्यात संरक्षण मिळे. शर्यतीत किंवा भाड्याने वापरताना झालेले नुकसान वगळलेले असे, आणि सायकल जागेवर ठेवून केवळ घंटी वा दिवा चोरीस गेला तर भरपाई नसे. 1 एप्रिल 2021 पासून प्रमाणित स्वरूपात आलेल्या भारत गृह रक्षा पॉलिसीत घरातील वस्तू म्हणून सायकलला आग व पूर यांपासून संरक्षण मिळू शकते. परंतु साधी चोरी तिच्या कक्षेत नाही. आणि सायकलमालकाला खरी भीती असते ती चोरीचीच.

चोरीचा विमा स्वस्त का होत नाही, हे एका काल्पनिक उदाहरणावरून स्पष्ट होईल. सायकलची किंमत 6,000 रुपये आणि वर्षभरात चोरी होण्याची शक्यता 3 टक्के धरल्यास शुद्ध हप्ता 180 रुपये येतो. एका दाव्याच्या चौकशीस 1,500 रुपये लागतात असे मानले, तर त्याचा प्रति पॉलिसी भार 45 रुपये होतो. पॉलिसी देणे, हप्ता गोळा करणे व नोंदी ठेवणे यांसाठी 150 रुपये धरले, की एकूण हप्ता 375 रुपये. त्यातील निम्म्याहून अधिक रक्कम निव्वळ खर्चाची आहे. हीच सायकल 60,000 रुपयांची असेल, तर हप्ता 1,995 रुपये होईल आणि त्यात खर्चाचा वाटा जेमतेम दहा टक्के राहील. महागड्या सायकलींना विमा सहज मिळतो आणि साध्या काळ्या सायकलीला मिळत नाही, यामागे स्थिर खर्चाचे हे गणित आहे.

त्यात माहितीच्या असमतोलाची भर पडते. ज्यांची सायकल रोज उघड्यावर राहते तेच विमा घेण्यास पुढे येतात, ही झाली प्रतिकूल निवड. विमा घेतल्यावर कुलूप लावण्यात होणारी ढिलाई हा नैतिक धोका. शिवाय नोंदणी पुस्तक नसल्याने मालकी सिद्ध करण्यासाठी खरेदीची पावती आणि सांगाड्यावर कोरलेला क्रमांक एवढाच आधार उरतो. जुन्या बाजारातून घेतलेल्या सायकलीची पावती बहुधा नसतेच.

विमा नसलेल्या मालकाला एक जुना आधार मात्र आहे. पैसे घेऊन सायकल ठेवून घेणारा स्टँडचालक भारतीय संविदा अधिनियम, 1872 नुसार निक्षेपग्राही ठरतो. कलम 151 अन्वये, सामान्य विवेकी माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तितकी काळजी त्याने घेणे आवश्यक असते. रामलीलेच्या गर्दीत किंवा रेल्वे स्थानकाबाहेर मिळणाऱ्या दोन इंच कागदी पावतीचे हे कायदेशीर मोल आहे. ‘सायकल मालकाच्या जबाबदारीवर’ असा फलक लावला, की ही जबाबदारी आपोआप संपतेच असे नाही.

सायकलस्वाराने दुसऱ्यास इजा केल्यास

प्रश्नाची दुसरी बाजू क्वचितच विचारात घेतली जाते. सायकलच्या धडकेने वृद्ध पादचारी जखमी झाला, तर मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे जाता येत नाही. अपकृत्य विधीनुसार दिवाणी न्यायालयात दावा करावा लागतो. भारतात असे दावे विरळ आहेत, कारण प्रतिवादीकडून काही वसूल होण्याची आशाच नसते. जपानमध्ये 2013 साली कोबे येथील न्यायालयाने, अकरा वर्षांच्या मुलाच्या सायकलने एका महिलेस झालेल्या गंभीर इजेबद्दल त्याच्या आईस सुमारे साडेनऊ कोटी येन देण्याचा आदेश दिला. त्यानंतर 2015 मध्ये ह्योगो प्रांताने सायकलस्वारांना दायित्व विमा बंधनकारक केला आणि अनेक प्रांतांनी तेच धोरण अवलंबिले. स्वित्झर्लंडचा प्रवास उलट दिशेने झाला. तेथे सायकलवर दरवर्षी विम्याची चिकटपट्टी लावणे सक्तीचे होते. बहुतेक नागरिकांकडे वैयक्तिक दायित्व विमा असल्याने 2012 पासून ही सक्ती रद्द झाली. भारतातील पेडल सायकल पॉलिसीतही त्रयस्थ दायित्वाचा भाग असे, परंतु त्याची मर्यादा काही हजार रुपयांच्या घरात राहिली. आजच्या रुग्णालयात एका दिवसाच्या अतिदक्षता उपचारासही ती रक्कम पुरणार नाही.