हार्ड डिस्क कट-कट करते तेव्हा...

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. प्रोजेक्ट रिपोर्ट जमा करायला चार दिवस उरलेले. रात्री साडेअकराला शेजारच्या रूममधला मित्र दारात उभा. "लॅपटॉप कट-कट करून राहिला बे, चालूच नाही होत." लॅपटॉप त्याच्या दादाचा, जुना. आत ऑगस्ट ते डिसेंबर शेतोशेत हिंडून काढलेले पऱ्हाटीच्या पानांचे फोटो. लाल्या ओळखणारा त्याचा प्रोग्रॅम या फोटोंवरच उभा होता.

पाच मिनिटांत रूममध्ये दहा जण आणि बारा सल्ले! "फॉरमॅट मार." "फ्रीजमध्ये ठेव." "एक चापट दे." शेवटी सात-आठ वेळा रीस्टार्ट करून आम्ही चेक डिस्क लावली आणि झोपलो. सकाळी ती डिस्क बायोसमध्येही दिसेना.

मित्रांनो, डिस्क बिघडली तो आमचा दोष नव्हता. पण त्या रात्री आम्ही जे केलं, तो नक्कीच होता.

आत काय चालतं?

लॅपटॉपच्या अडीच इंची हार्ड डिस्कमधल्या चकत्या साधारणपणे मिनिटाला ५४०० फेरे घेतात. त्यावरून वाचणारं हेड फक्त काही नॅनोमीटर उंचीवर तरंगतं. आपल्या केसाची जाडी ५० हजार नॅनोमीटरच्या पुढे असते, म्हणजे बघा! हेड बिघडलं की त्याला जागा सापडत नाही, ते मागे येतं, पुन्हा प्रयत्न करतं. तोच तो कट-कट आवाज. हेड चकतीला घासलं तर डेटा असलेला थरच खरवडला जातो. म्हणून प्रत्येक रीस्टार्ट हा नवा ओरखडा असू शकतो.

आणि चेक डिस्क? ती फाइल सिस्टिम दुरुस्त करते, म्हणजे आजारी डिस्कवर लिहिते. खराब सेक्टर शोधायला सांगितलं तर अख्खी डिस्क तासन्‌तास वाचत बसते. तिचं काम डिस्क वापरण्याजोगी करणं, तुमचे फोटो वाचवणं नाही.

इशारे

फाइल उघडताना लॅपटॉप अडकणं, कॉपी मध्येच थांबणं, सुरू होताना 'स्मार्ट'ची सूचना येणं, ही लक्षणं. स्मार्ट म्हणजे डिस्कने स्वतःच ठेवलेली आजारपणाची वही. क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये ५, १९७ आणि १९८ या नोंदींचे आकडे शून्यावरून वाढू लागले की सावध व्हा. १९९ वाढत असेल तर आधी केबल तपासा.

गूगलने २००७ मध्ये आपल्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिली स्कॅन एरर आल्यावर पुढच्या ६० दिवसांत डिस्क बंद पडण्याची शक्यता, एरर नसलेल्या डिस्कच्या ३९ पट निघाली. पण बंद पडलेल्यांपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कच्या वहीत, तापमान सोडलं तर, एकही इशारा नव्हता. म्हणजे वही कोरी आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

मग करायचं काय?

१) कट-कट आवाज येत असेल तर लॅपटॉप लगेच बंद. पुन्हा चालू करून बघायचा मोह नको.

२) आवाज नाही, नुसती संथ आहे, तर आधी सर्वांत महत्त्वाचं दुसऱ्या डिस्कवर घ्या. रिपोर्ट, कोड, फोटो. सिनेमे नंतर.

३) विंडोज सुरूच होत नसेल तर पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवा आणि जीएनयू डीडीरेस्क्यूने अख्ख्या डिस्कची इमेज मोठ्या, चांगल्या डिस्कवर काढा. हा प्रोग्रॅम आधी सहज वाचता येणारा भाग उचलतो, अवघड जागा शेवटी. मॅप फाइल दिली की मध्येच थांबलं तरी पुढून सुरू करता येतं. कुठून कुठे कॉपी करतोय ते मात्र तीनदा तपासा. उलटं झालं तर सगळं पुसलं जाईल.

४) टेस्टडिस्क, फोटोरेक, दुरुस्ती, जे काय प्रयोग करायचे ते इमेजच्या कॉपीवर. मूळ डिस्कला हात लावायचा नाही.

फ्रीजचा उपाय विसरा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात थंडगार डिस्क बाहेर काढली की तिच्यावर दव धरतं. रूममध्ये स्क्रू काढून डिस्क उघडणंही नको. धुळीचा एक कणसुद्धा त्या हेडसाठी डोंगर आहे. आवाज करणारी डिस्क डेटा रिकव्हरीच्या लॅबमध्येच द्यावी. खर्च मोठा असतो, पण तिथे काय होऊ शकतं ते बघा. २००३ मध्ये कल्पना चावला ज्या कोलंबिया यानात होत्या, त्याच्या अवशेषांत एक जळकी हार्ड डिस्क सापडली. तज्ज्ञांनी तिच्या चकत्या साफ करून दुसऱ्या यंत्रणेत बसवल्या आणि सुमारे ९९ टक्के डेटा परत मिळवला. चकत्या शाबूत होत्या, म्हणून.

एसएसडीवाल्यांनी हसू नये. एसएसडी आवाज न करताच जाऊ शकते, आणि ट्रिममुळे तिच्यावरून पुसलेली फाइल बहुतेकदा परत येत नाही. बिटलॉकर चालू असेल तर रिकव्हरी की आजच कागदावर लिहून ठेवा. तिच्याशिवाय इमेज काढूनही उपयोग नाही.

मित्राचा रिपोर्ट वाचला, कारण त्याने तो तपासायला सरांना मेल केला होता. फोटो मात्र ग्रुपवर टाकलेले चाळीस-पन्नासच मिळाले. बाकीचे पुन्हा काढावेत म्हटलं, तर एप्रिलमध्ये शेतात पऱ्हाटी कुठली? बाह्य परीक्षकांनी विचारलं, "डेटा एवढाच?" तो खाली बघत राहिला.

तेव्हा आज जेवायला मेसमध्ये जाण्याआधी एक काम करा. प्रोजेक्टचं फोल्डर एका पेन ड्राइव्हवर आणि एकदा ऑनलाइन ठेवा. भाजी संपायच्या आत होईल.