दोन सेंटिमीटर पाणी

काही वर्षांपूर्वी माझे धाकटे काका बदलापूरला जाताना लोकलमधून पडले. बरगड्या मोडल्या, छातीत हवा आणि रक्त साचले. एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात डॉक्टरांनी बरगड्यांमधून नळी घातली. तिचे दुसरे टोक खाटेखालच्या बाटलीत. दुसऱ्या दिवशी एक्स-रेला नेताना वॉर्डातल्या मामांनी ती बाटली उचलून काकांच्या पोटावर ठेवली. सिस्टर धावत आल्या, बाटली झटकन खाली घेतली आणि म्हणाल्या, "मामा, बाटली कायम छातीच्या खाली!" त्या एका वाक्यामागे काय काय आहे, ते शोधता शोधता हा लेख झाला.

फुप्फुस आणि छातीची भिंत यांमधल्या फटीत दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, म्हणून फुप्फुस फुगलेले राहते. तिथे हवा शिरली, रक्त किंवा पू साचला, की ते आकसते. नुसती नळी घालून भागत नाही. श्वासाबरोबर बाहेरची हवा तिच्यातून आत ओढली जाईल. हाम्बुर्गचे डॉक्टर गॉटहार्ड ब्यूलाउ यांनी १८७५ मध्ये यावर साधा उपाय वापरला आणि १८९१ मध्ये तो प्रसिद्ध केला: नळीचे टोक पाण्यात बुडवायचे. आतले बाहेर पडते, बाहेरचे आत जात नाही. आजही हे टोक साधारण दोन सेंटिमीटर पाण्याखाली ठेवतात. पण बाटली वर गेली, तर तिच्यातले पाणी उलटे छातीत जाऊ शकते.

रुग्णालयाच्या बोलीत या नळीला 'आयसीडी' म्हणतात. ती टाकतात डॉक्टर. रात्रंदिवस सांभाळतात सिस्टर. त्यांना बाटली वाचता यावी लागते. श्वासागणिक नळीतले पाणी वरखाली होते. हे झुलणे थांबले, तर फुप्फुस पूर्ण फुगले असेल, नाहीतर नळी मुडपली किंवा गुठळीने तुंबली असेल. स्वतः श्वास घेणाऱ्या रुग्णाचे पाणी श्वास आत घेताना वर चढते. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाचे त्याच वेळी खाली उतरते. बुडबुडे येत राहिले, तर फुप्फुसातून हवा गळते आहे किंवा एखादा जोड सैल आहे. तासाला २०० मिलिलिटरच्या वर रक्त सलग दोन-तीन तास आले, तर सर्जनला तातडीने बोलवायचे.

सर्वांत घातक गैरसमज क्लॅम्पचा. रुग्ण हलवताना 'सुरक्षित' म्हणून नळी क्लॅम्प लावून बंद केली जाते. बुडबुडे येत असताना असे केले, तर कोंडलेली हवा हृदय आणि दुसरे फुप्फुस दाबते. रुग्ण काही मिनिटांत दगावू शकतो. क्लॅम्प लावायचा तो बाटली बदलण्यापुरता, क्षणभर. नळी बाटलीपासून सुटलीच, तर टोक लगेच निर्जंतुक पाण्यात बुडवायचे.

आपल्या पट्ट्यात हे जास्त महत्त्वाचे. अंबरनाथ-बदलापूरचे जखमी उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात येतात आणि गंभीर असले, तर पुढे मुंबईला पाठवले जातात. बदलापूरहून सीएसएमटी रेल्वेने ६८ किलोमीटर. रुग्णवाहिका मात्र रस्त्याने, शिळफाट्याच्या कोंडीतून जाते. त्या तास-दीड तासात बाटली कुठे आहे, नळी उघडी आहे ना, हे पाहणारे माणूस सोबत हवे.

परीक्षेत 'दोन सेंटिमीटर' लिहिता येणे ही माहिती झाली. रात्री तीनला बुडबुडे अचानक थांबल्याचे ध्यानात येणे आणि त्याच क्षणी नळी तपासणे, हे कौशल्य. ते खऱ्या बाटलीशेजारी, जाणत्या सिस्टरबरोबरच येते. पाळी बदलताना दोघींनी खाटेशी वाकून पाणी पाहावे, बाटलीवरच्या पट्टीवर पातळीची वेळेसह खूण करावी. याला खर्च नाही. पण एकीवर अनेक खाटा असल्या, तर वाकायला वेळ कुठून येणार? अशा वेळी चुकीचा दोष एकट्या सिस्टरवर टाकणे अन्यायाचे आहे.

काका नवव्या दिवशी घरी आले. डॉक्टरांचे नाव आमच्या घरी सगळ्यांना पाठ आहे. सिस्टरचे नाव विचारायचे राहूनच गेले.