शंभर पौंडांसाठी गेलेली आठ वर्षे

कष्टकऱ्याच्या घरातला मुलगा खेळात नाव काढतो, तेव्हा तो एकटाच वर येत नाही. त्याच्याबरोबर त्याची गल्ली, त्याची वस्ती मान वर करते. म्हणून असा मुलगा घसरला की चटका सर्वांनाच बसतो. इंग्लंडमधील तीन फुटबॉलपटूंची अशीच हकिकत आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. तिला साठ वर्षे होऊन गेली, पण तिच्यातला धडा जुना झालेला नाही.

कामगारांचा खेळ

शेफील्ड हे पोलादाचे शहर. आठवडाभर कारखान्यात राबणारा कामगार शनिवारी दुपारी फुटबॉलच्या मैदानावर जाई. 'शेफील्ड वेन्सडे' हा तिथला जुना, नामांकित क्लब. पीटर स्वॉन हा या संघाच्या बचावाचा कणा. साउथ एल्मसॉल या कोळसा खाणींच्या गावी त्याचा जन्म झाला. इंग्लंडच्या राष्ट्रीय संघातून तो १९ सामने खेळला. टोनी के हा शेफील्डचाच मुलगा. मधल्या फळीत न थकता धावणारा आणि चेंडूसाठी झुंजणारा. तिसरा डेव्हिड लेन, संघासाठी भरपूर गोल करणारा.

मैदाने भरत होती, तिकिटांचा पैसा येत होता. परंतु खेळाडूच्या वाट्याला काय येई? १९६१ च्या जानेवारीपर्यंत इंग्लंडमध्ये खेळाडूला आठवड्याला २० पौंडांहून जास्त पगार देण्यास बंदी होती. खेळाडूंच्या संघटनेने संपाची तयारी केली, तेव्हा कुठे ती मर्यादा उठली. करार संपला तरी क्लबच्या मर्जीशिवाय दुसरीकडे जाता येत नसे. या पद्धतीविरुद्ध जॉर्ज ईस्टहॅम या खेळाडूने न्यायालयात दाद मागितली आणि १९६३ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला. खेळाडू म्हणजे मालकाचा गडी, असा तो जमाना होता.

पन्नासाचे शंभर

जिमी गॉल्ड हा स्कॉटलंडचा खेळाडू. पाय मोडल्याने त्याचा खेळ संपला आणि तो सट्ट्याच्या मागे लागला. १९६१ पासून इंग्लंडमध्ये सट्ट्याची दुकाने कायद्याने उघडली होती. निकाल आधीच ठरवून पैसे लावायचे, हा गॉल्डचा धंदा. त्यासाठी त्याने ओळखीचे खेळाडू हेरले. लेन पूर्वी त्याच्याबरोबर एका क्लबात खेळला होता. गॉल्डने लेनला गाठले. लेन स्वॉन आणि के यांच्याशी बोलला.

१ डिसेंबर १९६२ रोजी वेन्सडेचा सामना इप्सविच टाउनशी होता. आपण हरणार, यावर तिघांनी प्रत्येकी ५० पौंड लावले. इप्सविचच्या मैदानावर आपण नाहीतरी जिंकत नाहीच, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. वेन्सडे दोन गोलांनी हरले. पन्नासाचे शंभर झाले. गंमत अशी, की 'द पीपल' या रविवारच्या वृत्तपत्राने त्या सामन्यातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून टोनी के याचीच निवड केली!

त्याच महिन्यात एव्हर्टन क्लबने पन्नास हजारांहून अधिक पौंड मोजून के याला घेतले. १९६३ मध्ये एव्हर्टन लीग विजेते झाले. त्याच वर्षी स्वित्झर्लंडविरुद्ध के इंग्लंडकडून खेळला आणि त्याने गोलही केला. सारे विसरले गेले, असे वाटत होते.

बिंग फुटले

१९६४ च्या एप्रिलमध्ये त्याच 'द पीपल'ने हे प्रकरण उघडकीस आणले. माहिती कोणी दिली? खुद्द गॉल्डने! सात हजार पौंड घेऊन त्याने आपल्याच साथीदारांना विकले. त्यांच्याशी झालेले त्याचे बोलणे टेपवर घेतले होते. तेच पुढे न्यायालयात पुरावा झाले.

१९६५ च्या जानेवारीत नॉटिंगहॅमच्या न्यायालयाने निकाल दिला. एकूण दहा आजी-माजी खेळाडू तुरुंगात गेले. गॉल्डला चार वर्षांची शिक्षा झाली. स्वॉन, के आणि लेन यांना चार महिने. चार महिने निघून जातात. खरी शिक्षा फुटबॉल संघटनेची होती. तिने तिघांवर जन्मभराची बंदी घातली. स्वॉन तेव्हा २८ वर्षांचा, के २७ चा आणि लेन २५ चा होता.

पुढच्याच वर्षी, १९६६ मध्ये, इंग्लंडने विश्वचषक जिंकला. प्रशिक्षक होते आल्फ रॅम्से. म्हणजे १९६२ च्या त्या सामन्यात इप्सविचचा संघ ज्यांच्या हाती होता तेच. स्वॉन आणि के यांना त्या संघात जागा मिळाली असती, असे अनेक जाणकार म्हणत.

१९७२ मध्ये बंदी उठली. स्वॉन ३५ वर्षांचा झाला होता, तरी तो वेन्सडेकडून पुन्हा मैदानात उतरला. पुढे मॅटलॉक टाउन या लहान क्लबाला शिकवून त्याने १९७५ मध्ये वेम्ब्लीवर एफए ट्रॉफी जिंकून दिली. २०२१ मध्ये तो वारला. के याचा व्यावसायिक खेळ मात्र पुन्हा सुरू झाला नाही.

न्याय आणि तराजू

गुन्हा तो गुन्हाच, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. पगार कमी होता, हे कारण खरे. पण माफीला ते पुरेसे नाही. कारण फसवले गेले ते कोण? आठवड्याच्या मजुरीतून तिकीट काढून गाडीने इप्सविचला गेलेला शेफील्डचा कामगारच! मालकावरचा राग त्याच्यावर काढण्यात कसला आला न्याय?

तरीही आम्हाला एक प्रश्न पडतो. वर्षानुवर्षे खेळाडूंना बांधून ठेवणाऱ्या क्लबांना कोणी शिक्षा केली? बातमीवर खप वाढवणाऱ्या पत्राचे काय गेले? आणि एका चुकीसाठी माणसाचे हातचे काम जन्मभर काढून घ्यावे काय? काही वर्षांची बंदी पुरेशी झाली असती, असे आमचे मत आहे.

आकड्याच्या नादाने उद्ध्वस्त झालेली घरे आपल्या वस्त्यांनीही पाहिली आहेत. आता सट्टा मोबाइलमधून थेट घरात येतो. आपली मुले क्रिकेट खेळोत, कबड्डी खेळोत, फुटबॉल खेळोत. त्यांना जरूर खेळू द्या. मात्र एवढे त्यांना सांगून ठेवा, की असले आमिष दाखवणारा बहुधा परका नसतो. तो जुना मित्र असतो, आणि म्हणतो, "यात कोणाचे काय जाते?" त्या वेळी नाही म्हणण्याचे बळ घरातूनच मिळाले पाहिजे.