वाघाला एवढं रान कशाला लागतं?

फेब्रुवारी २०१९ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यात एका तरुण नर वाघाच्या गळ्यात रेडिओ कॉलर बसवण्यात आली. भारतीय वन्यजीव संस्थेच्या नोंदीत तो टी१सी१. लोकांनी पुढे त्याचं नाव ‘वॉकर’ ठेवलं. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात त्याने टिपेश्वर सोडलं. नाल्यांच्या काठाने, उभ्या पिकांतून, मध्येच तेलंगणात जाऊन, बहुतेक रात्रीच चालत त्याने सुमारे १३०० किलोमीटर अंतर कापलं आणि वर्ष सरताना तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. वाटेत रानडुकरं आणि गुरं मारून त्याने पोट भरलं.

त्या चालीचं कौतुक खूप झालं. तो नव्या हद्दीच्या आणि मादीच्या शोधात होता, हेही छापून आलं. पण एका वाघाला इतकी मोठी हद्द लागते ती का, याचं उत्तर अन्नसाखळीत आहे.

ज्ञानगंगेच्या रानात ऊन पडतं ते सागाच्या, पळसाच्या पानांवर आणि गवतावर. त्या उन्हाचं अन्न करणाऱ्या वनस्पती म्हणजे उत्पादक. त्यांच्यावर जगणारा रोही हा प्राथमिक भक्षक, रोह्याला खाणारा वाघ त्याच्या वरचा. मात्र रोह्याने खाल्लेलं सगळं गवत रोह्याच्या अंगी लागत नाही. बरंचसं शेणावाटे जातं, उरलेल्यातलं बहुतेक धावण्यात आणि शरीराची ऊब राखण्यात खर्च होतं. अमेरिकेतल्या एका तळ्याचा अभ्यास करून रेमंड लिंडेमन या तरुण संशोधकाने हा ऊर्जेचा हिशेब १९४२ मध्ये मांडला. लेख छापून येण्याआधीच त्याचा मृत्यू झाला होता. पाठ्यपुस्तकातला दहा टक्क्यांचा नियम त्याच कामातून आला. आकडा जागेनुसार बदलतो, पण दर पायरीला मोठी गळती होते हे सगळीकडे खरं आहे.

२००२ मध्ये कार्बोन आणि गिटलमन या शास्त्रज्ञांनी मांसाहारी प्राण्यांसाठी एक ठोकताळा काढला: दहा हजार किलो वजनाची शिकार रानात असेल, तर तिच्यावर सुमारे ९० किलो मांसाहारी प्राणी पोसला जातो. दोनशे किलोच्या वाघाला लावून पाहा. बावीस हजार किलोंहून अधिक जिवंत शिकार हवी, म्हणजे शंभराच्या आसपास मोठे रोही! वाघ व्याजावर जगतो. मुद्दल खाल्लं की पुढच्या वर्षी उपाशी. ज्ञानगंगा अभयारण्य आहे सुमारे २०५ चौरस किलोमीटरचं, आणि त्यातल्या शिकारीवर बिबट्यांचा हक्क आधीपासूनचा आहे.

साखळी म्हटली की एकाखाली एक कड्या डोळ्यांपुढे येतात. ज्ञानगंगेतलं अस्वल ही मांडणी मोडतं. उन्हाळ्यात ते मोहाची फुलं आणि टेंभरं खातं, तेव्हा ते प्राथमिक भक्षक. वारूळ दिसलं की त्याची पायरी बदलते. लांब नखांनी ते वारूळ उकरतं, तोंड आत घालून आधी जोरात फुंकर मारतं, माती उडाली की नाकपुड्या मिटून वाळवी ओढून घेतं. त्याच्या वरच्या जबड्यात पुढचे मधले दोन दात नसतात. त्या फटीतून वाळवी सरळ घशात जाते. हा ओढण्याचा आवाज रात्रीच्या शांततेत दूरवर जातो. वाळवी जगते सुक्या लाकडावर आणि पाचोळ्यावर, म्हणजे मेलेल्या झाडाची ऊर्जाही अस्वलाच्या पोटात पोचते. तडस तर वाघ-बिबट्याने सोडलेली हाडंही फोडून खातं. हाडांतल्या चुन्यामुळेच त्याची वाळलेली विष्ठा पांढरी दिसते. असे धागे एकमेकांत गुंतून अन्नजाळं तयार होतं.

हे जाळं अभयारण्याच्या हद्दीवर थांबत नाही. हरभऱ्यात घाटेअळी पडली की शेतकरी तुराट्यांचे पक्षीथांबे रोवतात. त्यावर कोतवाल, साळुंकी बसतात आणि अळ्या टिपतात. त्या शेतात कोतवाल हाच शिकारी. तोच शेतकरी रात्री रोही आणि रानडुकरांपासून पीक राखायला जागतो. हे नुकसान खरं आहे, त्याची भरपाई वेळेवर आणि पुरेशी मिळालीच पाहिजे. पण रोही-डुकरांवर वचक ठेवणारा वाघही शेताजवळच्या नाल्यानेच येतो, हे विसरून चालणार नाही.

वॉकर नाल्याकाठच्या झुडपांच्या आडोशाने आला. त्याला ज्ञानगंगेत जोडीदारीण मिळाली नाही, कारण इथे वाघीण नव्हती. पुढे एखादी वाघीण आली तर तीही येईल शेतांतूनच, चालत. म्हणून बुलढाणा जिल्ह्यातल्या शेतकरी बांधवांना विनंती: नाल्याकाठची झुडपं राहू द्या, उघड्या विहिरींना कठडे बांधा आणि कुंपणात विजेचा प्रवाह कधीही सोडू नका. त्या तारेला रोही लागतो, वाघ लागतो आणि पहाटे पाणी द्यायला निघालेला माणूसही लागतो.