मँडर्लीची दुसरी मालकीण

रहस्यकथा, भयकथा आणि गूढकथा हे शब्द मराठीत बरेचदा एकमेकांच्या जागी वापरले जात असले, तरी त्यांतून वाचकाला मिळणारे समाधान एकाच जातीचे नसते. रहस्यकथेत गुन्हेगार कोण हे कळले की मन निवते; भयकथेतले भूत वाचकाला दचकवते आणि पुस्तक मिटले की बहुधा पुस्तकातच राहते. इंग्रजी साहित्यात गॉथिक वळणाच्या मनोरहस्य कादंबऱ्यांचा जो एक वेगळा प्रवाह आहे, तो या दोहोंकडून सामग्री उसनी घेतो; मात्र त्यातील चांगल्या कादंबऱ्या रहस्य उलगडल्यानंतर वाचकाला अधिकच बेचैन करतात, आणि नेमक्या याच कारणासाठी वाचक त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा वळतो.

‘गॉथिक’ हा शब्द मूळचा गॉथ या जर्मेनिक टोळ्यांवरून आलेला. प्रबोधनकाळातील इटालियन लेखकांनी टोकदार कमानींच्या मध्ययुगीन स्थापत्याला रानटी ठरवण्यासाठी तो हिणवणीने वापरला, आणि पुढे हॉरेस वॉलपोल याने १७६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द कॅसल ऑफ ओट्रान्टो’ या कादंबरीच्या दुसऱ्या आवृत्तीवर तो अभिमानाने मिरवला. या कादंबरीत एक अवाढव्य शिरस्त्राण आकाशातून पडून घराण्याचा वारस चिरडला जातो. आजच्या वाचकाला या प्रसंगाने भीतीपेक्षा हसूच येण्याचा संभव अधिक. पुढच्या पिढीतील अ‍ॅन रॅडक्लिफ हिने भीतीचे दोन प्रकार मानले: अनिश्चिततेतून उपजणारी आणि मनाच्या शक्तींना जागे करणारी धास्ती हा एक, तर बीभत्स गोष्ट उघड्या डोळ्यांनी पाहून मन गोठवणारा भयकंप हा दुसरा. मनोरहस्य कादंबरीने यांपैकी पहिला प्रकार उचलला आणि किल्ला, तळघर, वादळ ही जुनी सामग्री ठेवूनही अनिश्चिततेचे ठिकाण बदलले. हेन्री जेम्स याच्या ‘द टर्न ऑफ द स्क्रू’ (१८९८) या दीर्घकथेतील शिक्षिकेला दिसणारी भुते खरोखर त्या घरात आहेत की तिच्या मनात, या प्रश्नावर समीक्षक आजही भांडतात, आणि कथा मात्र कोणाच्याच बाजूने साक्ष देत नाही.

सिग्मंड फ्रॉइड याने १९१९ मधील एका निबंधात या अनुभवाचे मूळ भाषेतच शोधले. ‘हाइमलिश’ या जर्मन शब्दाचा एक अर्थ घरगुती, परिचित असा, तर दुसरा अर्थ लपवून ठेवलेले असा होतो, आणि त्याचा विरुद्धार्थी शब्द अंगावर काटा आणणाऱ्या गोष्टींसाठी वापरला जातो. फ्रॉइडच्या मते अशी भीती सर्वस्वी परक्या वस्तूची नसते. जे एकेकाळी परिचित होते आणि मनाने दडपून टाकले, तेच परत आल्यावर भयंकर वाटते. मराठी वाचकाला हे समजावून घेण्यासाठी जर्मन कोशाची फारशी गरज पडू नये, कारण ‘घरातली गोष्ट’ या शब्दप्रयोगातही जवळिकीबरोबर चार लोकांत न बोलण्याची ताकीद असतेच.

या प्रकाराचे सामर्थ्य सर्वांत स्पष्टपणे दिसते ते डॅफ्नी द्यू मॉरिए हिच्या ‘रिबेका’ (१९३८) या कादंबरीत. लष्करी अधिकारी असलेल्या पतीबरोबर इजिप्तमधील अलेक्झांड्रिया येथे राहत असताना, तिथल्या उकाड्यात इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्याची ओढ लागलेल्या या लेखिकेने कादंबरीचे लेखन सुरू केले. मँडर्ली या काल्पनिक वाड्यामागे कॉर्नवॉलमधील मेनॅबिली ही खरी वास्तू आहे. ती पुढे लेखिकेने भाड्याने घेतली आणि १९४३ पासून पाव शतकाहून अधिक काळ तिथे वास्तव्य केले. दुसऱ्याच्या मालकीच्या घरावर जडलेला असा जीव कादंबरीतही जाणवतो.

कथानक वरवर पाहता एखाद्या प्रेमकथेचे आहे. श्रीमंत बाईची पगारी सोबतीण असलेली एक बुजरी तरुणी मॉन्टे कार्लो येथे विधुर मॅक्सिम द विंटर याला भेटते, त्याच्याशी विवाह करून मँडर्लीत येते, आणि तिथे पहिल्या पत्नीचे, रिबेकाचे, राज्य अजून संपलेले नाही असे तिच्या ध्यानात येते. रिबेकाच्या नावाचे आद्याक्षर रुमालावर आणि पुस्तकाच्या पानावर उमटलेले आहे. कथा सांगणाऱ्या नव्या पत्नीचे स्वतःचे नाव मात्र संपूर्ण कादंबरीत एकदाही येत नाही. घरातला फोन वाजतो आणि पलीकडून मिसेस द विंटर यांना विचारले जाते, तेव्हा त्या वारल्या असे उत्तर तिच्याच तोंडून निघून जाते. एवढ्या साध्या प्रसंगात भुताशिवाय पछाडले जाणे म्हणजे काय, हे लेखिकेने दाखवले आहे. रिबेकाच्या आठवणी देव्हाऱ्यासारख्या जपणारी कारभारीण मिसेस डॅनव्हर्स ही नव्या मालकिणीला पायरीपायरीने खिडकीपर्यंत नेते आणि खाली उडी टाकण्यास सुचवते, तेव्हा तिच्या हातात शस्त्र नसते. ऐकणारीचा स्वतःवरचा विश्वास आधीच संपलेला असतो. पॅट्रिक हॅमिल्टन याचे ‘गॅस लाइट’ हे नाटकही १९३८ सालचेच, आणि एखाद्याला स्वतःच्या अनुभवावर शंका घ्यायला लावून खिळखिळे करण्याच्या छळाला इंग्रजीत मिळालेले नाव त्याच नाटकावरून पडले.

रहस्य उघड झाल्याने बिघडेल अशी ही कादंबरी नाही, म्हणून पुढचा भाग सांगण्यास हरकत नसावी. समुद्राच्या तळाशी रिबेकाची होडी आणि प्रेत सापडते, आणि तिला आपणच गोळी घातली असे मॅक्सिम पत्नीला सांगतो. या कबुलीने नायिका हादरण्याऐवजी सुखावते, कारण तिच्या कानांनी त्यातले एकच वाक्य टिपलेले असते: त्याचे रिबेकावर प्रेम नव्हते. प्रथमपुरुषी निवेदनामुळे शेकडो पाने तिच्याच न्यूनगंडातून जग पाहिलेला वाचकही तिच्याबरोबर सुटकेचा श्वास टाकतो आणि पुढील चौकशीत खुनी सुटावा म्हणून जीव मुठीत धरून वाचत राहतो. आपली सहानुभूती कोणत्या पानावर विकली गेली, हे त्याला नंतरही नेमके सांगता येत नाही. शर्ली जॅक्सन हिने १९६२ च्या ‘वुई हॅव ऑल्वेज लिव्ह्ड इन द कॅसल’ मध्ये हाच सौदा अधिक निर्दयपणे केला. साखरेत सोमल मिसळून कुटुंबातल्यांना मारणाऱ्या तिच्या लाघवी निवेदिकेवर वाचक आधी जीव लावतो आणि मग सत्य ऐकतो.

पडद्यावर ही बेचैनी टिकवणे अवघड ठरले. आल्फ्रेड हिचकॉक याच्या १९४० च्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले, पण खुनी पती शिक्षेविना सुटणे तेव्हाच्या अमेरिकन चित्रपटसंहितेला मान्य नसल्यामुळे रिबेकाचा मृत्यू तिथे अपघात करावा लागला आणि प्रेक्षक निर्दोष राहिला. बिरेन नाग दिग्दर्शित ‘कोहरा’ (१९६४) या हिंदी चित्रपटाने हे कथानक भारतीय हवेलीत आणले. त्यातील मिसेस डॅनव्हर्सच्या वळणाची दाईमाँ ललिता पवार यांनी उभी केली. त्यांचे नुसते रोखून पाहणे परिचयाचे असलेल्या प्रेक्षकाला या निवडीचे औचित्य वेगळे सांगावे लागत नाही.

कादंबरी दुसऱ्यांदा वाचताना आणखी एक गोष्ट टोचू लागते. रिबेका दुष्ट होती याचा मुख्य आधार म्हणजे तिला मारणाऱ्याचा शब्द, आणि तो वाचकापर्यंत पोहोचतो तोही त्यावर विश्वास ठेवण्यात जिचे सर्व सुख अडकले आहे अशा पत्नीमार्फत. या सुखाचे चित्र लेखिकेने आरंभीच्या प्रकरणांतच रंगवून ठेवले आहे, परंतु पहिल्या वाचनात ते निसटून जाते: मँडर्ली उरलेली नाही, पती-पत्नी परदेशातल्या एका सामान्य हॉटेलात राहतात, इंग्लंडहून येणाऱ्या क्रिकेटच्या धावसंख्येची वाट पाहतात, आणि वर्तमानपत्रात इंग्लंडच्या रानावनाविषयी काही आले, तर ती ते मोठ्याने वाचत नाही.